कवच वाढवणारे आणि कवच टाकणारे

१८४६ च्या ऑक्टोबरात चार्ल्स डार्विनने मद्यार्कात बुडवून ठेवलेला एक जुना नमुना तपासायला घेतला. अकरा वर्षांपूर्वी, ‘बीगल’ जहाजाच्या सफरीत, चिलीच्या दक्षिणेकडच्या चोनोस द्वीपसमूहात त्याला एक जाडजूड शंख सापडला होता. शंखाला जागोजागी बारीक भोकं होती आणि भोकाभोकांत टाचणीच्या डोक्याएवढा एकेक जीव दडलेला होता. सूक्ष्मदर्शकाखाली तो बार्नेकलचा भाऊबंद निघाला; पण बार्नेकलला असतं तसं स्वतःचं घर त्याला नव्हतं, दुसऱ्याच्या भिंतीत तो पोटभाडेकरू होऊन राहिला होता. या एका चमत्कारिक प्राण्याचं वर्णन लिहून काम हातावेगळं करावं म्हणून डार्विन बसला आणि पुढची आठ वर्षं त्यातून उठला नाही. जगभरातून टपालाने बार्नेकल मागवले गेले, १८५१ ते १८५४ या काळात चार ग्रंथ निघाले, रॉयल सोसायटीचं पदक मिळालं. शेजाऱ्यांकडे खेळायला गेलेल्या त्याच्या एका मुलाने ‘तुमचे बाबा बार्नेकलचं काम कुठे बसून करतात?’ असं विचारल्याची गोष्ट चरित्रकार आवडीने सांगतात.

त्या एका नमुन्यात अपृष्ठवंशीय प्राण्यांचे दोन मोठे संघ एकमेकांत गुंतून बसले होते. शंख मृदुकाय प्राण्याचा, आणि त्यात भोक पाडून राहणारा जीव संधिपाद. गंमत अशी की, बार्नेकल हासुद्धा मृदुकायच आहे अशीच त्याच्या थोडंच आधीपर्यंत अनेक पिढ्यांची समजूत होती. ती वरवर पाहता वाजवीही होती. कोकणात ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडपांवर अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्यांना ज्या पांढऱ्या, धारदार सुळक्यांची ओळख पटते, ते बार्नेकल. जागचे हलत नाहीत, चुनखडीचं कवच करतात, पाण्यातून अन्न गाळून खातात. कालवाशेजारी कालवासारखाच राहणारा हा जीव जॉर्ज क्यूव्हियेसारख्या दिग्गज शरीरशास्त्रज्ञाने मृदुकायांत घातला, यात नवल नाही. १८३० मध्ये जॉन व्हॉन टॉम्पसन या लष्करी शल्यचिकित्सकाने आयर्लंडमधल्या कॉर्कच्या किनाऱ्यावर पाहिलेल्या त्याच्या पिल्लांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि हे सगळं कोसळलं. पिल्लं पोहत होती, त्यांना सांध्यांचे पाय होते, ती कात टाकत होती. आणि मग डोकं खडकाला चिकटवून, भोवती कवच बांधून, उरलेल्या पायांनी तोंडात अन्न ढकलत जन्मभर तिथेच राहत होती. थोडक्यात, बार्नेकल ही उलटी होऊन घरात बसलेली कोळंबीची चुलत बहीण होती.

ही प्रस्तावना ज्या दोन संघांची ओळख करून देते, त्यांच्यातला भेद इतका फसवा आहे आणि इतका खोलही. तो कशात आहे, हे कळलं तर बाकीचा तपशील आपोआप जागच्या जागी बसतो.

कण्याचा आधार नसलेल्या प्राण्यांकडे विज्ञानाचं लक्ष तसं उशिरा गेलं. कार्ल लिनियसने १७५८ च्या आपल्या सुप्रसिद्ध वर्गीकरणात सस्तन प्राणी, पक्षी, मासे यांची नीट व्यवस्था लावली आणि उरलेल्या सगळ्यांना दोन टोपल्यांत टाकलं: कीटक आणि कृमी. गोगलगाय, गांडूळ, स्टारफिश, अष्टपाद, सगळे कृमी. १७९३ साली, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात या दोन टोपल्यांची प्राध्यापकी कोणी घ्यावी असा प्रश्न आला, तेव्हा ती जाँ-बातिस्त लामार्कच्या वाट्याला आली. वय ४९, तोवरची कीर्ती वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून. नकोशा विषयाची ही नेमणूक विज्ञानाच्या पथ्यावर पडली. लामार्कने कोळी-विंचवांना आणि खेकडे-कोळंबीला कीटकांपासून वेगळं काढलं, आणि १८०१ मध्ये कणा नसलेल्या प्राण्यांचं पहिलं पद्धतशीर पुस्तक प्रसिद्ध केलं. जिराफाच्या मानेपायी शाळेच्या पुस्तकांत ज्याची कायम टर उडवली जाते, त्या माणसाचं हे काम आजही उभं आहे.

संख्येचा हिशेब पाहिला तर लिनियसच्या त्या टोपल्यांतच प्राणिसृष्टी होती. आजवर वर्णन झालेल्या प्राण्यांच्या जातींत कणा असलेले सगळे मिळून, म्हणजे मासे, बेडूक, साप, पक्षी, वाघ, माणूस धरून, पाच टक्क्यांहून कमी भरतात. सुमारे सत्तर हजार जाती. एकट्या मृदुकायांच्या जाती याहून अधिक आहेत. संधिपादांच्या तर दहा-बारा लाख जातींना नावं मिळालेली आहेत, आणि त्यांतल्या जवळजवळ चार लाख जाती नुसत्या भुंगेऱ्यांच्या. नावं न मिळालेल्या जाती त्याहूनही कितीतरी अधिक असणार, याबद्दल तज्ज्ञांत दुमत नाही.

हाडं नसलेल्या शरीरापुढे अडचणी ठरलेल्या असतात. स्नायूंना ओढायला काहीतरी टणक लागतं. मऊ शरीर उन्हात सुकतं आणि ज्याला सापडेल तो ते खातो. बाहेरून कवच घालणं हा त्यावरचा सरळ उपाय, आणि तो या दोन्ही संघांनी केला. पण टणक कवचात बसलेल्या प्राण्याने वाढायचं कसं? इथे वाटा फुटतात. मृदुकाय आपलं कवच काठाकाठाने वाढवत नेतो आणि जन्मभर तेच वापरतो. संधिपाद आपलं कवच टाकून देतो आणि नवं करतो. दोन्ही संघांचं रूप, आकार, खोड्या, शत्रू आणि यश यांचा माग काढत गेलं की बरेचदा याच ठिकाणी येऊन पोचायला होतं.

आधी मृदुकाय. त्याच्या अंगावर प्रावार नावाचं मांसल आवरण असतं. प्रावाराची कडा कॅल्शियम कार्बोनेट पाझरते आणि कवचाच्या काठावर नवा थर चढतो. शिंपल्याचा सांध्याजवळचा फुगीर भाग म्हणजे त्याचं बालपण, बाहेरचा काठ म्हणजे कालपरवाचं वय. वाढ मंदावली की रेघ उमटते. या रेघा मोजून वय काढता येतं, आणि आइसलँडजवळ २००६ मध्ये मिळालेल्या एका शिंपल्याचं वय असं मोजलं तेव्हा ते ५०७ वर्षं भरलं. म्हणजे वास्को-द-गामा कालिकतला उतरला त्याच्या एका वर्षानंतर हा प्राणी जन्माला आला होता. त्याच्या कवचात पाच शतकांच्या समुद्राच्या तापमानाची नोंद थराथराने साठलेली होती. हवामानाचे अभ्यासक अशा शिंपल्यांमागे लागतात ते त्यासाठी. मोतीही याच कामाचा जोडधंदा. प्रावारात काही उपरं अडकलं की कवचाच्या आतल्या बाजूचाच चकचकीत माल त्याच्याभोवती थर देत जातो. भारतात तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये हे घडवून आणलं आणि संवर्धित मोती मिळवला.

किनाऱ्यावरच्या मराठी माणसाला या संघाची ओळख ताटातून असते. तिसऱ्या, मुळे, खुबे, शिनाणे, कोयतीने खडकावरून सोडवलेली कालवं. तिसऱ्यांचं एकशिपी करताना एक शिंपली काढून टाकायची आणि मांस चिकटलेली दुसरी तशीच ठेवायची, हे घरोघर ठाऊक असतं. त्या मांसातल्या दोन छोट्या नळ्यांकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. वाळूत पुरून घेतलेली तिसरी एका नळीने पाणी आत ओढते, कल्ल्यांवर त्यातले सूक्ष्म कण गाळून घेते आणि दुसरीने पाणी बाहेर सोडते. या प्राण्यांना डोकंच उरलेलं नाही. गाळून खायचं तर त्याची गरज नसते. मात्र खाडीत जे सोडाल तेही त्यांच्या अंगात साठतं. कारखान्यांच्या सांडपाण्याजवळची कालवं खाऊ नयेत, हा सल्ला घाबरट नाही.

डोकं राखलेल्यांपैकी सर्वांत मोठा वर्ग गोगलगायी आणि शंखांचा. मृदुकायांच्या दहांतल्या आठ जाती यांच्याच. यांच्या तोंडात दातांच्या ओळींची एक पट्टी असते आणि ती खडकावरचं शेवाळ खरवडून काढते. खडकाला चिकटून बसणाऱ्या लिंपेट या छत्रीसारख्या शंखाचे दात २०१५ मध्ये पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधकांनी ताणून पाहिले, तेव्हा त्या काळापर्यंत माहीत असलेल्या सर्व जैविक पदार्थांत ते सर्वांत बळकट ठरले. कोळ्याच्या जाळ्याचा धागाही मागे पडला. गोगलगायीचं शरीर पिल्लूपणीच आतून अर्धा फेरा घेतं, आणि गुदद्वार डोक्याच्या वर येऊन बसतं. हा उद्योग तिने का केला असावा, यावर शंभराहून अधिक वर्षं वाद चालू आहे.

याच वर्गातल्या एका लहानशा प्राण्याने अर्थव्यवस्था चालवल्या. मालदीवच्या उथळ समुद्रात मुबलक मिळणारी कवडी बंगालमध्ये आणि तिथून जहाजांनी पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून खेळली. सिल्हेटचा महसूल अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीला कवड्यांत गोळा करावा लागत असे. महाराष्ट्रात ती तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात पोचली. कवडीची तकाकी टिकते त्याचं कारण पुन्हा प्रावारच. जिवंत कवडी आपला प्रावार कवचावर बाहेरून पांघरते, त्यामुळे इतर शंखांसारखे तिच्यावर ओरखडे पडत नाहीत.

जमिनीवरच्या गोगलगायींची गोष्ट मात्र कौतुकाची नाही. विल्यम बेन्सन या शंखशास्त्राच्या अभ्यासकाने १८४७ मध्ये मॉरिशसहून आफ्रिकन महागोगलगायी आणून कलकत्त्यातल्या एका बागेत सोडल्या. आता त्या देशभर आहेत. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात शंखी गोगलगायींनी नुकतंच उगवलेलं सोयाबीन रात्रीतून खाऊन टाकलं आणि शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधावर टाकायची, सकाळी पोत्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, हा उपाय तेव्हा गावोगावी चालला. मेहनतीचा आहे, पण शहाणपणाचा आहे. पॅसिफिकमधल्या ताहिती आणि मोरेया बेटांवर याच महागोगलगायीचा बंदोबस्त करायला १९७० च्या दशकात फ्लोरिडाची मांसाहारी गोगलगाय आणली गेली. तिने महागोगलगायीला फारसा धक्का लावला नाही आणि तिथल्या पार्टुला या देशी गोगलगायींच्या डझनावारी जाती संपवल्या. गेल्या पाचशे वर्षांत नामशेष झाल्याची नोंद असलेल्या प्राण्यांत मृदुकायांचा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि त्यांतल्या बहुतेक अशा बेटांवरच्या गोगलगायी आहेत. त्यांच्यासाठी कोणी अश्रू ढाळल्याचं ऐकिवात नाही.

कवच वाढवत नेण्याच्या पद्धतीत एक सोय असते: ते कमीही करता येतं. लाकूड पोखरणाऱ्या टेरेडोने, ज्याला खलाशी पूर्वापार किडा समजत आले, आपला शिंपला नुसत्या छिन्नीपुरता ठेवला आणि बाकीचं लांबलचक उघडं शरीर लाकडातल्या बोगद्यात लपवलं. लाकडी होड्यांचा हा जुना शत्रू. पण टेम्स नदीखालचा बोगदा खणण्याची युक्ती मार्क ब्रुनेलला सुचली ती त्याचंच काम पाहून, असं सांगतात. माकूल आणखी पुढे गेलं. त्याने कवच पार आत घेतलं. कोकणातल्या पुळणीवर सापडणारा आणि पाळीव पोपटांच्या पिंजऱ्यात अडकवला जाणारा पांढरा, हलका समुद्रफेन म्हणजे माकुळाच्या एका जातीचं हे अंतर्गत कवच. त्याच्या बारीक कप्प्यांत हवा आणि द्रव कमीजास्त करून ते पाण्यात हवं तिथे तरंगतं. अष्टपादाने तर कवच सोडूनच दिलं.

कवच सोडण्याची किंमत या मंडळींनी बुद्धीने भरली, असं म्हणायला जागा आहे. अष्टपादाला तीन हृदयं असतात, रक्त तांब्यामुळे निळं असतं, आणि चेतापेशी सुमारे पन्नास कोटी. त्यांतल्या दोनतृतीयांश डोक्यात नसून आठ हातांत. रंग आणि पोत क्षणात बदलतो. बरणीचं झाकण उघडतो. आणि एवढं सगळं शिकून बहुतेक जाती वर्षा-दोन वर्षांत मरतात, अंडी राखणारी मादी तर पिल्लं बाहेर येईपर्यंत उपाशीच बसते. माकुळाचं ऋण माणसावर वेगळं आहे. त्याच्या अंगातला पळ काढण्याचा इशारा नेणारा चेतातंतू जवळजवळ एक मिलिमीटर जाड असतो, म्हणजे त्यात विद्युताग्र खुपसता येतं. जे. झेड. यंग यांनी १९३० च्या दशकात तो दाखवून दिला. ॲलन हॉजकिन आणि अँड्रयू हक्सली यांनी त्यावर मोजमापं घेऊन चेतासंदेश कसा धावतो याचं गणित मांडलं आणि १९६३ चं नोबेल मिळवलं. माणसाच्या मेंदूतला संदेशही त्याच गणिताने धावतो.

संधिपादांचा मामला मुळातच निराळा. इथे कवच म्हणजे घर नव्हे, ती कातडी आणि सांगाडा दोन्ही आहे. कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचं हे आवरण मिशांच्या टोकांपासून आतड्याच्या काही भागापर्यंत सगळ्यावर असतं. ते पातळ ठेवून जिथे वाकवायचं तिथे सांधा केला, स्नायू आतून जोडले, आणि पायांचं एक असं यंत्र तयार झालं की ज्यातून वाटेल ते घडवता यावं. खेकड्याचा नांगा, डासाची सुई, विंचवाचे चिमटे, कोळंबीची पोहण्याची वल्ही, सगळी अवजारं मुळात अशा सांध्यांच्या अवयवांची. ५२ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात ट्रायलोबाइट याच आराखड्यावर फिरत होते आणि २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महासंहारात संपेपर्यंत फिरत राहिले.

पण हे आवरण वाढत नाही, म्हणून टाकावं लागतं. चिंबोरी कात टाकते ते पाहण्यासारखं असतं. जुन्या कवचातला चुना ती आधी काही प्रमाणात शोषून घेते, आतल्या बाजूला मऊ नवं कवच तयार ठेवते, मग पाठीमागची शिवण उसवते आणि प्राणी मागच्या मागे बाहेर सरकतो. पाय, नांग्या, मिशा, डोळ्यांवरचं आवरण, कल्ल्यांचं आणि जठराचंही अस्तर, सगळं जुन्या कवचात मागे राहतं. बाहेर आल्या आल्या ती पाणी पिऊन फुगते, म्हणजे नवं कवच मोठ्या मापाचं टणक व्हावं. पुढचे काही तास ती कोणाच्याही तोंडचा घास असते. बाजारातली अनुभवी गिऱ्हाईकं चिंबोरी पोटाकडून दाबून का पाहतात, त्याचं उत्तर यात आहे. नुकतीच कात टाकलेली चिंबोरी दिसायला मोठी आणि आत पाणचट असते. नव्या घरात मांस भरायला तिला वेळ लागतो.

हर्मिट क्रॅब नावाच्या खेकड्याने पोटावरचं कवच टणक करण्याचा खर्चच वाचवला आहे. तो मेलेल्या गोगलगायीचा शंख शोधून त्यात पोट लपवतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. योग्य मापाचा रिकामा शंख मिळाला की त्याच्याभोवती हे खेकडे चढत्या मापाने रांग धरतात. पहिला नव्या शंखात गेला की मागचा त्याच्या जुन्या शंखात, आणि अशी सगळी रांग घर बदलते. पुळणीवरून पिशव्या भरभरून शंख नेणाऱ्या पर्यटकांनी हे लक्षात घ्यायला हवं.

कात टाकण्यापायी संधिपादांच्या आकारावर मर्यादा आली, हे पुष्कळदा सांगितलं जातं आणि त्यात तथ्यही आहे. हत्तीएवढा खेकडा कात टाकताना स्वतःच्या वजनाखाली चेपून जाईल. पाणी वजन पेलतं, म्हणून जपानच्या खोल समुद्रातल्या खेकड्याचे पाय पसरले की साडेतीन मीटरांच्या पुढे जातात. जमिनीवर त्याची बरोबरी करणारं आज कोणी नाही. तीस कोटी वर्षांपूर्वी, हवेत प्राणवायू अधिक होता त्या काळात, सत्तर सेंटिमीटर पंखविस्ताराचे चतुरासारखे कीटक उडत होते आणि दोन मीटरांहून लांब, वाणीसारखे अनेकपायी प्राणी जंगलातून चालत होते. लहान राहण्याचा तोटा मात्र कीटकांना झालेला नाही. लहान प्राण्याला एकाच झाडावर दहा वेगवेगळ्या जागा सापडतात. त्यातून ते पक्ष्यांच्या कितीतरी कोटी वर्षं आधी उडायला शिकले. आणि कात टाकण्याचीच कला ताणत त्यांनी रूपांतर साधलं: अळीने पानं खायची, फुलपाखराने मध प्यायचा, एकाच जातीच्या बाळांनी आणि बापांनी एकमेकांच्या ताटात हात घालायचा नाही.

महाराष्ट्राचा इतिहास या संघाला वगळून लिहिता येणार नाही. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. घरं उपसली गेली, माणसं छावण्यांत नेली गेली, पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याचा खून झाला. आणि या सगळ्या काळात रोग कशाने पसरतो हेच ठाऊक नव्हतं. १८९८ च्या उन्हाळ्यात कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने आजारी उंदरावरून निरोगी उंदरावर प्लेग नेणारी पिसू पिंजऱ्यातल्या प्रयोगात पकडली. वैद्यकीय जगाने त्याची थट्टा केली. पुढे मुंबईतल्या प्लेग आयोगाच्या प्रयोगांनी त्याचं म्हणणं खरं ठरवलं, तोवर लाखो बळी गेले होते. सिमाँच्या प्रयोगाच्या आदल्याच वर्षी, २० ऑगस्ट १८९७ ला, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला होता. दोन वर्षांत भारतीय उपखंडात दोन कीटकांचे गुन्हे उघडकीला आले.

विंचवाचं प्रकरण अगदी अलीकडचं. कोकणातला लाल विंचू चावला तर लहान मूल दगावायचं, आणि डॉक्टरांच्या हातात काही नसायचं. महाडच्या परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी अशा रुग्णांच्या खाटेशी रात्र-रात्र बसून नोंदी केल्या. विषाने रक्तदाब भडकतो आणि हृदय हरतं, हे ओळखून त्यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरलं. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात त्यांचं काम छापलं गेलं, आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत उतरलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ग्रामीण डॉक्टराने खाटेपाशी केलेल्या संशोधनाचं याहून चांगलं उदाहरण देशात सापडणं कठीण.

उपकारांची बाजूही मोठी आहे. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या कोश करतात. विदर्भातल्या करवतकाठी साडीचं रेशीम हेच. हापूसच्या मोहरावर परागणाचं पुष्कळसं काम, ज्यांना हाकलत आपण आंबा खातो, त्या माश्यांनी केलेलं असतं. त्याच मोहरावर तुडतुडे रस शोषतात, आणि कपाशीत गुलाबी बोंडअळी बीटी वाणालाही पुरून उरली, हे विदर्भाने २०१७ मध्ये सोसलं. एकच संघ बागायतदाराचा मजूरही आणि दरोडेखोरही.

आता पुन्हा वर्गीकरणाकडे. क्यूव्हियेने संधिपादांना गांडुळाजवळ बसवलं होतं, कारण दोघांचंही शरीर वळ्यावळ्यांचं. पावणेदोनशे वर्षं ही मांडणी पाठ्यपुस्तकांत चालली. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने ती मोडली. संधिपादांचे जवळचे नातलग निघाले ते गोलकृमी, म्हणजे जंतांच्या कुळातले प्राणी. ना वळ्या, ना पाय, पण कात टाकणारे. कात टाकणाऱ्यांचं हे घराणं वेगळं आणि गांडूळ त्यात नाही. ते गोगलगायीच्या घराण्यात गेलं. पुढे असंही दिसलं की कीटक हे खेकडे-कोळंबीच्या घराण्याचीच जमिनीवर आलेली शाखा आहेत. कोळंबी खाणारा आणि टोळ पाहून तोंड वाकडं करणारा माणूस शास्त्राच्या दृष्टीने फारसा सुसंगत नाही.

हा विषय वाचून ठेवण्याचा नाही. मुंबईकरांना हाजी अली किंवा गिरगावच्या किनाऱ्यावरसुद्धा ओहोटीला दोन्ही संघांचे डझनभर प्रतिनिधी तासाभरात भेटतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा गट २०१७ पासून लोकांना तिथे घेऊन जातो आहे. किनारा दूर असेल त्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याचे काजवे पाहावेत, नाहीतर कुंडीखालचा ओला दगड उचलावा. ओहोटीची वेळ साधायची तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस गाठावेत, कारण तेव्हा पाणी सर्वांत लांब ओसरतं. उलटलेला दगड होता तसा परत ठेवावा. शंख-शिंपल्यांच्या चोवीस जातींना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा दुकानातून मोठा शंख विकत घेण्याआधी त्याची जात विचारावी. आणि जिवंत, नक्षीदार, शंकूच्या आकाराचा शंख पाण्यात दिसला तर त्याला हात लावू नये. त्याच्या विषावरून बेतलेल्या वेदनाशामक औषधाला २००४ साली मान्यता मिळाली असली, तरी त्याच्या काही जातींचा दंश माणसाला मारू शकतो आणि त्यावर प्रतिविष नाही.